किड्याचं ठेसन

मुरुडला नोकरी लागली तेव्हा खोली बघायला मी ज्या घरात गेले, त्या घराच्या मालकांनी मला नाव विचारलं नाही. जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, खोलीवर मासे शिजवणार की नाही तेही विचारलं नाही. ओटीवर बसवलं, चष्म्यावरून निरखून बघितलं आणि म्हणाले, "झोपेत दात खातेस का गो?"

मी म्हटलं, "मला कसं कळणार? मी झोपलेली असते."

"म्हंजे खातेस," ते म्हणाले. "किडा हाय."

आणि काही कळायच्या आत माझ्या दोन्ही हातांत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तांब्याच्या दोन नळ्या आल्या. नळ्यांना वायरी, वायरींच्या टोकाला एक काळी पेटी, पेटीवर लाल आकडे. त्यांनी बटण फिरवलं आणि माझे तळहात असे काही झिणझिणले की मी ओरडून नळ्या खाली टाकल्या. आतून त्यांची बायको धावत आली. "अवो, पोरीला पाणी तरी द्या आधी! आल्या आल्या करंट काय देता?"

या काकी. खोली मी घेतली ती काकींमुळे. काकांना तेव्हाच हात जोडून निघाले असते.

आता गंमत बघा. मी घाटावरची, वाईकडची, आणि शिकले ते लॅब टेक्निशियनचं. मुरुडच्या बाजारात एका डॉक्टरांची छोटी लॅब होती. तिथे रक्त, लघवी, थुंकी आणि शौच तपासायचं माझं काम. म्हणजे माणसाच्या पोटात जंत आहेत की नाहीत ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं, यावरच माझं पोट. आणि राहायला गेले ती मशीनने जंत मारणाऱ्या माणसाच्या घरी. देवालाही कधीकधी थट्टा सुचते, दुसरं काय!

काका जन्मभर तांडेल. स्वतःची होडी, स्वतःची माणसं, दर्यावर यांचा शब्द शेवटचा. गुडघे गेले तशी होडी विकली आणि बंदरावर बसून दुसऱ्यांच्या होड्यांवरचे वायरलेस आणि फिश फाइंडर दुरुस्त करायला लागले. शाळा चौथीपर्यंत, पण हात असा की बंद पडलेला सेट त्यांच्यापुढे ठेवला की बोलायला लागायचा. फिश फाइंडर हे होडीच्या तळाला बसवलेलं यंत्र. ते पाण्यात आवाज सोडतं आणि खाली मासळी असली की पडद्यावर ठिपके उमटतात. काकांची सगळी विद्या त्या ठिपक्यांवर उभी होती.

"तीस वाव खोल पाण्यातली मासळी मशीनला दिसते," ते मला समजवायचे, "आणि वीतभर पोटातला किडा दिसणार न्हाय?"

"दिसणं वेगळं आणि मरणं वेगळं, काका."

"दिसली म्हंजे मेलीच समज. तू घाटावरची, तुला काय ठावं!"

त्यांचा सिद्धांत साधा होता. वायरलेसवर जसं प्रत्येक बंदराचं ठेसन, तसं प्रत्येक किड्याचं ठेसन. लांब जंताचं वेगळं, बारीक जंताचं वेगळं, जे दिसतच नाहीत त्यांचं आणखी वेगळं. ठेसन बरोबर लागलं की किडा आतल्या आत फुटतो. चुकलं की तो हसतो. "हसतो" हा त्यांचाच शब्द. शेजारच्या मुलाचं अभ्यासात लक्ष नाही, किडा हाय. भिंतीला रंग धरत नाही, किडा हाय. ग्रामपंचायतीचा ठराव फिरला, तिथंही किडाच. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, किडा तुमच्या डोक्यात आहे." त्यांनी गंभीरपणे नळ्या उचलल्या आणि कानशिलांना लावून बघितल्या.

काळी पेटी त्यांच्या पुतण्याने आणली होती. तो न्हावा शेव्याला कंटेनरचे ट्रेलर चालवायचा आणि तिकडे कुणाकडून काय काय घेऊन यायचा. मग मोबाइलवर कुठल्याशा ग्रुपमध्ये एक व्हिडिओ आला आणि दुसरी पेटी मागवली गेली, पांढरी, दिसायला नाजूक. काकी दोघींना सवती म्हणायच्या. "काळीला पुसलं, गोरीला पुसलं, आता मला पुसा जरा," असं म्हणून हसायच्या. तेव्हा त्या हसत होत्या.

दोन्ही पेट्यांबरोबर इंग्रजी पत्रकं आलेली. त्यात किड्यांची नावं आणि पुढे आकडे. रविवारी सकाळी काका पायऱ्यांशी उभे राहून हाक मारायचे, "बाय, ये गो खाली, वाचायचं हाय!" मग ओटीवर दोन पेट्या शेजारी शेजारी आणि मी मध्ये, दोन्ही पत्रकं हातात. मी वाचायचे, ते बटणं फिरवायचे. घोटाळा असा की दोन पेट्यांचे आकडे जुळतच नव्हते. लांब जंताला काळी म्हणे चारशे, पांढरी म्हणे तीनशे. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. एकाच किड्याला दोन आकडे, म्हणजे दोघी खोटं बोलतायत, संपला विषय.

काका डोळे मिटून बसले. बोटांची पेरं मोजली. मग मांडीवर थाप मारली. "पाऊणपट!"

कोळ्यांचा एक हिशोब असतो, तो मला त्या दिवशी कळला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. पंचांग लागत नाही, घड्याळ लागत नाही. आणि तीनशे ही चारशेची पाऊणपट! म्हणजे काळीचा आकडा मूळचा, पांढरीचा भरतीचा. पुनवेला, अवसेला दर्याला उधाण येतं तेव्हा पोटातलं पाणीही चढतं, किडा वर येतो. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, तेव्हा किडा तळाला बसतो.

"आणि हे बघा," मी पुढची ओळ दाखवली. "इथे काळी एकशेवीस म्हणते आणि पांढरी साडेसहाशे. ही कुठली पाऊणपट?"

त्यांनी क्षणभरच विचार केला. "त्यो खाडीतला हिशोब. खाडीत पाणी उशिरा चढतं."

 मी पत्रकं खाली ठेवली आणि काकींनी दिलेला चहा प्यायले.

गावात त्यांना मान होता, हे सांगायला पाहिजे. एकदा समोरच्या लॉजमधला पुण्याचा एक पाहुणा सुरमई हादडून आडवा झाला. काकांनी त्याला नळ्या धरायला लावल्या. सकाळी गडी ठणठणीत. अहो, कुणीही झाला असता, एवढं खाल्ल्यावर एक दिवस उपास घडला की! पण तेव्हापासून दोनतीन लॉजवाले काकांना बोलावणं पाठवायला लागले. काका कुणाकडून काही घेत नव्हते. नळ्या रोज उकळलेल्या पाण्यात धुवायचे आणि म्हाताऱ्या बायकांना करंट इतका हळू चढवायचे की त्यांना कळायचंही नाही. मी त्यांच्यावर जितकी चिडायचे, तितकं हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे यायचं आणि राग पुरा व्हायचा नाही.

हे सारं हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकी वाळायला लागल्या.

आधी चोळ्या ढिल्या झाल्या. मग म्हावरं साफ करताना मध्येच कोयता बाजूला ठेवून भिंतीला टेकायला लागल्या. जिन्याने माझ्याकडे भाकरी घेऊन यायच्या त्या अर्ध्या जिन्यावर थांबून म्हणायच्या, "ये गो, तूच खाली ये, माझा दम गेला." पापणी खाली ओढून बघितली तर आत पांढरं फटक. मी रोज रक्त बघणारी बाई. अंगात रक्त किती कमी झालंय ते मला पापणीवरूनच कळलं.

"काका, काकींचं रक्त तपासू. मी सुई घेऊन येते, उठायचंसुद्धा नाही त्यांना."

"रक्त काढायचं न्हाय. आधीच किडा पितोय, त्यात तू आनिक काढ!"

"बरं, मग शौच द्या. किडा आहे म्हणता ना? मला दाखवा. माझ्या सूक्ष्मदर्शकात अंडीसुद्धा दिसतात."

हे त्यांना नाकारता आलं नाही. मी लॅबमधून झाकणाच्या डब्या आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर डब्यांत स्क्रू भरून ठेवलेले, मापाप्रमाणे लावून.

"अवो काका!"

"आज भांग हाय. किडा तळाला बसलाय, तुला दिसणार न्हाय. उधाणाला देतो."

उधाण आलं. मी सकाळीच हजर. "द्या."

"आता कशाला? आता वर आलाय, आता मारायची येळ. आज दोन्ही मशीन लावतो."

मग ओटीवर बैठक. काकींच्या हातांत नळ्या, समोर काका, त्यांचे हात काकींच्या हातांवर, नळ्या निसटू नयेत म्हणून. काळी चारशेवर. मग पांढरी तीनशेवर. "लागलं का ठेसन?" "लागलं." "झिणझिण कुठवर आली?" "कोपरापतुर." "कालच्यापेक्षा जास्त?" काकी माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "जास्त. बाय, तेवढा भात बघ गो, खाली लागंल."

पुढचा भांग. पुढचं उधाण. दर वेळी माझं तेच आणि त्यांचं तेच. रस्त्यात, लॅबमध्ये, भाजी चिरताना मला एकच दिसायचं, काकींची ती पापणी. मी आमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, पेशंटला घेऊन ये, पेशंटशिवाय मी काय करू? त्यांचंही बरोबर होतं. मी घाटावरची पोर, भाडेकरू. दुसऱ्याच्या बायकोला हाताला धरून कशी नेऊ?

एका दुपारी काका बंदरावर गेलेले बघून मी काकींपुढे बसले आणि सरळ सांगितलं. "काकी, हे जंतांचं दिसत नाही मला. तुम्ही माझ्याबरोबर चला. त्यांना विचारू नका."

काकी म्हणाल्या, "येईन की."

"कधी?"

"त्यांचं समाधान झालं की."

"काकी!"

"वरडू नको गो." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. "लगीन झाल्यापास्नं ह्यो मानूस दर्यावर. पोर झालं न्हाय, तवा दर्यावर. माझी आय गेली, तवा दर्यावर. आता मशीनच्या निमतानं समोर बसतो, हात धरतो. लोकांत कधी धरला नसता. दोन दिस बसू दे."

मला त्या दोघांचाही असा राग आला की मी जेवले नाही. संध्याकाळी काका आले तशी मी जिन्यावरूनच सुरू झाले. काय काय बोलले! पेट्या दर्यात टाका म्हटलं. तुमच्या पाऊणपटीत बायको माराल म्हटलं. काकांनी पायऱ्यांशी चपला काढल्या. मग म्हणाले, "दर्यात काय टाकायचं त्ये मला नको शिकवू," आणि आत गेले. वाटलं, आता खोली सोडावी लागणार. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी झाकलेल्या पातेल्यात साफ करून ठेवलेले बोंबील. तुकडे वेडेवाकडे. म्हणजे काकींनी नव्हे, काकांनी कापलेले.

पुढचं आधीच सांगून टाकते, मनात ठेवून उपयोग नाही. काकींना अलिबागला नेलं, तिथून मुंबईला. आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, काकी घरी आल्या, थोडं जेवायला लागल्या. वाटलं, जिंकलो. पण त्यानंतरच्या नारळी पुनवेला काकी नव्हत्या. लवकर नेलं असतं तर? मी मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा कुणाला विचारलं नाही. काका आहेत. फोन केला की भरतीची वेळ सांगतात, म्हावऱ्याचे भाव सांगतात. किड्याचं नाव काढत नाहीत.

पण काका म्हटलं की मला ते आठवतात त्या सकाळचे.

लॅब नुकतीच उघडली होती. मी टेबल पुसत होते, तर दारात काका. अंगात बंडी, पायात चपला नाहीत. हातात बामाची बाटली, उकळून धुतलेली, वर प्लास्टिक बांधलेलं.

"घे," ते म्हणाले. "सकाळचंच हाय."

मी बाटली घेतली. तोंडात आलं होतं, आता सुचलं का! पण कॅलेंडरकडे नजर गेली. अष्टमी. भांगाचा दिवस. त्यांच्या हिशोबाने किडा तळाला बसलेला. आणि हा माणूस आज, भांगाला, अनवाणी बाजारात आला होता. 

"काय झालं, काका?"

"घागर उचलाय वाकली आनि खालीच बसली. उठवली तर म्हने दिसत न्हाय. आता निजलीय. शेजारीण हाय जवळ." मग एकदम मोठ्यांदा, "तू बघ! तू म्हनायचीस ना, दाखवा? घे, बघ!"

मी आतल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गाडीला फोन लावला आणि स्वतः काकींकडे जायला निघाले. मला म्हणाले, तेवढ्यात नमुना बघून घे, अलिबागला चिठ्ठीत लिहायला होईल.

काका बाकावर बसले. मी पडदा ओढला आणि कामाला लागले. काचपट्टीवर एक थेंब मिठाच्या पाण्यात, एक आयोडिनमध्ये. डोळा लावला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश बघत गेले. काही नाही. दुसरी पट्टी केली. अंडं नाही, अळी नाही, काही नाही. मग ती दुसरी चाचणी, डोळ्यांना न दिसणारं रक्त शौचातून जातं का ते बघायची. कागदावर थेंब टाकला आणि वाट बघावी लागलीच नाही. कागद निळा झाला, गडद निळा, म्हणजे रक्त जात होतं.

 बाहेर काकांचा खोकला ऐकू येत होता.

पडदा सारून मी बाहेर आले. ते उठून उभे राहिले.

"सापडला?"

इतकी वर्षं मी हा रिपोर्ट देत आले. जंत नाहीत म्हटलं की आया हसतात, पोरांचे पापे घेतात, कुणी मला देव भलं करो म्हणतात. मला दुसरे शब्दच येत नव्हते.

"नाही, काका. किडा नाही."

"न्हाय म्हंजे?"

"एकही नाही."

त्यांनी बाकाची कड धरली. मला वाटलं वाद घालतील, भांगाचं काढतील, तुझं मशीन खोटं म्हणतील. मनातून मी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी वाद घातला नाही.

"नीट बघितलंस?"

"दोनदा."

"बारीक असंल. बारीक लवकर दिसत न्हाय, तूच म्हनली व्हतीस."

"काका, गाडी येतेय. आपण अलिबागला जाऊ. तिथे मोठी मशिनं आहेत, ते बघतील काय आहे ते."

"काय असंल?"

 निळा कागद आत टेबलावर होता आणि माझं तोंड त्यांना वाचता येत होतं. जन्मभर आभाळ वाचलेला माणूस तो.

"बाय," काका म्हणाले. आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "मला ठाव हाय, लोक हसतात. हसू देत. पन किडा असला तर मारता येतो गो. आज न्हाय मेला तर उद्या मरंल. ह्या आकड्यावर न्हाय, त्या आकड्यावर. म्हनून किडाच म्हनत व्हतो मी. दुसरं काय असलं तर त्याचं ठेसन न्हाय माझ्याकडं."

मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. तांडेल माणूस, माझ्या बापापेक्षा मोठा, आणि माझ्यापुढे हात जोडले.

"येकदा अजून बघ. येक तरी असंल. येकच."

मी पडद्याआड गेले. बाटलीत थोडं उरलं होतं. नवी काचपट्टी घेतली, थेंब ठेवला, डोळा लावला. मला सगळं माहीत होतं. तरी देवाशपथ सांगते, गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत मी त्या पट्टीवर कडेपासून कडेपर्यंत एक किडा शोधत होते.